प्रोसेसरचा ताप

विजेच्या दिव्याला आपण वीज देतो आणि तो प्रकाश देतो. पंखा वारा देतो, पंप पाणी चढवतो. संगणकाचा प्रोसेसर काय देतो? उत्तरे देतो, असे विद्यार्थी म्हणतील आणि ते खोटेही नाही. पण ऊर्जेचा हिशेब मांडायला बसलो तर वेगळेच चित्र दिसते. प्रोसेसर काहीही उचलत नाही, काहीही फिरवत नाही. त्याला दिलेली जवळजवळ सगळी वीज अखेर उष्णतेच्या रूपाने बाहेर पडते. 65 वॅट घेणारा प्रोसेसर म्हणजे 65 वॅटची शेगडीच, फक्त ती नखाएवढ्या जागेत मांडलेली असते.

ही उष्णता बाहेर नेता आली नाही तर काय होते? या प्रश्नाचे उत्तर प्रत्येक काळात वेगळे आले आहे. कधी तारेचे तंतू तुटले, कधी यंत्र मध्येच थांबले, कधी अक्षरशः धूर निघाला. आज बहुधा यांतले काहीच होत नाही. आज संगणक फक्त मंद होतो. शाळेच्या संगणककक्षात एखादे यंत्र सुरू केल्यावर वीस मिनिटे बरे चालते आणि मग रखडू लागते. त्याला "जुना झाला" असे म्हणून कोपऱ्यात सरकवले जाते, किंवा त्यात नवी मेमरी घातली जाते, नाहीतर सगळी माहिती पुसून प्रणाली पुन्हा भरली जाते. खरा दोष मात्र दोन चिमटी धुळीत असू शकतो. रोग तोच राहिला, लक्षण बदलले. ते का आणि कसे बदलले, हे समजून घ्यायचे तर थोडे मागे जावे लागेल.

अठरा हजार नळ्यांची उष्णता

अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात तयार झालेला एनिॲक हा संगणक फेब्रुवारी 1946 मध्ये जगापुढे आला. त्यात सुमारे 18 हजार निर्वात नळ्या होत्या. त्यांना आपल्याकडे व्हॉल्व्ह म्हणत. जुन्या रेडिओत त्या लालसर उजळलेल्या अनेकांनी पाहिल्या असतील. नळीतील तंतू तापवल्याशिवाय इलेक्ट्रॉन बाहेर पडत नाहीत. म्हणजे येथे उष्णता हा कामाचा भागच होता. सारे यंत्र मिळून सुमारे 150 किलोवॅट वीज घेई आणि तेवढी उष्णता खोलीत सोडे. ती बाहेर काढण्यासाठी मोठमोठे झोतपंखे बसवलेले होते आणि एखादे कपाट मर्यादेबाहेर तापले तर वीज तोडण्याची व्यवस्थाही होती.

एनिॲकच्या अभियंत्यांना एक गोष्ट लवकरच उमगली. नळ्या बहुतेक वेळा यंत्र सुरू किंवा बंद करताना जात. तापणे आणि निवणे, प्रसरण आणि आकुंचन, यांच्या ओढाताणीत तंतू तुटत. म्हणून प्रेस्पर एकर्ट यांनी नळ्या त्यांच्या क्षमतेपेक्षा बऱ्याच कमी दाबाने चालवल्या आणि यंत्र शक्यतो बंद करायचे नाही असे ठरवले.

मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत 1960 साली सुरू झालेला टिफ्रॅक हा आपल्याकडचा संगणकही नळ्यांचाच होता. त्यात सुमारे 2,700 नळ्या होत्या. संगणक म्हणजे थंड खोली, बंद खिडक्या आणि दाराबाहेर काढलेल्या चपला, हे समीकरण आपल्या मनात या मोठ्या यंत्रांच्या काळापासून रुजले. पुढे यंत्रे लहान झाली, थंड खोली गेली, चपला मात्र अनेक शाळांत बाहेरच राहिल्या. त्यामागचे धुळीचे कारण अजूनही खरे आहे, ते आपण पुढे पाहू.

ट्रान्झिस्टर आले, प्रश्न राहिला

1947 साली बेल प्रयोगशाळेत ट्रान्झिस्टर जन्माला आला. त्याला तापवावे लागत नाही. तेव्हा उष्णतेचा प्रश्न कायमचा सुटला, असे वाटणे स्वाभाविक होते. पण पहिले ट्रान्झिस्टर जर्मेनियमचे होते, आणि तापमान 75 अंश सेल्सियसच्या आसपास गेले की त्यांतून नको तेवढा प्रवाह गळू लागे. 1954 मध्ये सिलिकॉनचे ट्रान्झिस्टर बाजारात आले, ते यापेक्षा बरेच अधिक तापमान सोसत. सिलिकॉनचे राज्य सुरू होण्यामागे हे एक मोठे कारण होते.

1958 आणि 1959 मध्ये जॅक किल्बी व रॉबर्ट नॉइस यांनी अनेक घटक एकाच तुकड्यावर रचण्याची वाट दाखवली. एप्रिल 1965 मध्ये गॉर्डन मूर यांनी आपला प्रसिद्ध लेख लिहिला. चिपवरील घटकांची संख्या ठरावीक काळाने दुप्पट होत जाईल, हे त्यातले भाकीत सर्वांना ठाऊक आहे. त्याच लेखात उष्णतेवर एक स्वतंत्र परिच्छेद आहे, हे मात्र फारसे सांगितले जात नाही. एवढ्या दाटीने बसवलेल्या घटकांची उष्णता काढता येईल का, असा प्रश्न मूर यांनी स्वतःच उपस्थित केला होता. चिप सपाट असते, तिचा पृष्ठभाग मोकळा असतो आणि घटक लहान झाले की त्यांना वीजही कमी लागते. म्हणून काढता येईल, असे त्यांचे उत्तर होते. पुढची जवळजवळ चाळीस वर्षे ते बरोबर ठरले.

महासंगणकांना मात्र इतके थांबण्याची सवड नव्हती. सेमूर क्रे यांच्या क्रे-1 या यंत्राने 1976 साली लॉस ॲलामॉस येथे काम सुरू केले. ते सुमारे 115 किलोवॅट वीज घेई. त्याच्या पाट्यांमध्ये तांब्याचे जाड पत्रे होते. हे पत्रे उष्णता कडेच्या ॲल्युमिनियमच्या उभ्या खांबांकडे नेत आणि त्या खांबांतून नळीवाटे फ्रेऑन खेळवलेला असे. शीतकपाटातली युक्तीच ही! 1985 च्या क्रे-2 मध्ये तर साऱ्या पाट्या एका वीजरोधक द्रवातच बुडवलेल्या होत्या. वेगवान यंत्राचा आराखडा म्हणजे निम्मा उष्णतेच्या वाटेचा आराखडा, हे या मंडळींना पक्के ठाऊक होते.

पंख्याविना दिवस

याच सुमारास दुसऱ्या टोकाला एक अगदी लहान वस्तू वाढत होती. 1971 साली इंटेल कंपनीच्या 4004 या पहिल्या मायक्रोप्रोसेसरमध्ये सुमारे 2,300 ट्रान्झिस्टर होते. 1981 च्या आयबीएम पीसीतील 8088 चे घड्याळ सेकंदाला 47 लाख 70 हजार ठोके देई. 1984 मध्ये आपल्या देशात शाळांसाठी 'क्लास' हा संगणक-साक्षरता प्रकल्प सुरू झाला, तेव्हा शाळांत बीबीसी मायक्रो ही यंत्रे आली. यांपैकी कशाच्याही प्रोसेसरवर पंखा नव्हता. काळी चौकोनी चिप उघडी बसे आणि भोवतालची हवा तिला पुरे.

1989 साली 486 आला. त्याचे सुरुवातीचे नमुनेही उघडेच चालत. याच मालिकेतील पुढच्या वेगवान प्रकारांवर मात्र धातूच्या पात्यांचा ठोकळा, म्हणजे हीटसिंक दिसू लागला. 1993 च्या पेंटियमबरोबर त्यावर पंखाही आला. 66 मेगाहर्ट्‌झचा पहिला पेंटियम 5 व्होल्टवर चालून कमाल 16 वॅटपर्यंत वीज घेई.

येथे एक साधे सूत्र लक्षात ठेवण्यासारखे आहे. अशा चिपला लागणारी शक्ती ही तिची धारिता, व्होल्टेजचा वर्ग आणि ठोक्यांचा वेग यांच्या गुणाकाराच्या प्रमाणात असते. वर्ग व्होल्टेजचा आहे, हे महत्त्वाचे. 1994 मध्ये 100 मेगाहर्ट्‌झचा पेंटियम 3.3 व्होल्टवर चालू लागला. वेग दीडपट झाला, पण 3.3 भागिले 5 याचा वर्ग 0.44 येतो. दीड गुणिले 0.44 म्हणजे 0.66. तेव्हा शक्ती दोन-तृतीयांशावर यायला हवी. प्रत्यक्षात ती सुमारे 10 वॅटवर आली. हे उदाहरण दहावीच्या वर्गात फळ्यावर सोडवून घेता येईल.

घटक लहान करा, त्याच प्रमाणात व्होल्टेज उतरवा, म्हणजे तेवढ्याच जागेत अधिक घटक अधिक वेगाने चालवूनही उष्णता वाढणार नाही, हा नियम आयबीएममधील रॉबर्ट डेनार्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1974 सालीच मांडला होता. मूर यांच्या भाकिताला खरे आयुष्य दिले ते या नियमाने.

धूर आणि संथपणा

पण व्होल्टेज किती उतरवणार? ते एका व्होल्टच्या आसपास आले, तसे ट्रान्झिस्टर 'बंद' असतानाही गळू लागले. घटक लहान होत राहिले, वेग वाढत राहिला, व्होल्टेज मात्र अडून बसले. उष्णता वर चढू लागली.

2001 साली टॉम्स हार्डवेअर या संगणक-चाचणी प्रकाशनाने एक प्रयोग करून त्याचे चित्रीकरण केले. चालू संगणकाच्या प्रोसेसरवरून हीटसिंक सरळ उचलून घ्यायचा आणि काय होते ते पाहायचे. पेंटियम 3 असलेले यंत्र थांबले; हीटसिंक परत बसवल्यावर ते पूर्ववत चालले. त्या वेळच्या ॲथलॉन प्रोसेसरमधून क्षणार्धात धूर निघाला आणि तो कायमचा गेला. पेंटियम 4 ने तिसरेच केले. तो थांबला नाही, जळलाही नाही. पडद्यावरचा खेळ एकदम संथ झाला आणि हीटसिंक जागेवर येताच पुन्हा धावू लागला.

या तिसऱ्या वागण्यामागे चिपमध्येच बसवलेला एक तापमापक होता. तापमान मर्यादेला टेकले की तो घड्याळाचे काही ठोके गाळी. ठोके कमी, म्हणून उष्णता कमी. त्यानेही भागले नाही तर अखेरचा उपाय म्हणून यंत्र पूर्ण बंद. पुढच्या काही वर्षांत ही योजना सर्वच कंपन्यांच्या प्रोसेसरमध्ये आली. हे मोठेच संरक्षण होते. पण त्याची एक किंमत होती, आणि ती आजही आपण मोजतो आहोत. धूर सर्वांना दिसतो, संथपणा कोणाला दिसत नाही. ज्या योजनेने प्रोसेसरला वाचवले, तिनेच दोषावर पांघरूण घातले.

भिंत

इंटेलचे पॅट गेल्सिंगर यांनी 2001 मध्येच अभियंत्यांच्या परिषदेत इशारा दिला होता की, हीच चाल राहिली तर काही वर्षांत चिपवरील उष्णतेची दाटी अणुभट्टीच्या आणि पुढे रॉकेटच्या नळकांड्याच्या बरोबरीला जाईल. फेब्रुवारी 2004 मध्ये पेंटियम 4 ची 'प्रेस्कॉट' ही नवी आवृत्ती आली. सुमारे 112 चौरस मिलिमीटरच्या तिच्या चिपवर वेगवान नमुन्यांत 103 वॅट उष्णता गृहीत धरलेली होती, म्हणजे चौरस सेंटिमीटरला 90 वॅटच्या पुढे. घरातली 750 वॅटची इस्त्री घेतली आणि तिचा तळ 180 चौरस सेंटिमीटरचा धरला, तर चौरस सेंटिमीटरला चार वॅटच पडतात. तरी इस्त्रीने कापड जळते!

मे 2004 मध्ये इंटेलने या चिपची पुढची पिढी रद्द केली. ऑक्टोबरमध्ये चार गिगाहर्ट्‌झच्या पेंटियम 4 चा बेतही सोडला. 2005 पासून टेबलावरच्या संगणकात एका चिपवर दोन गाभे आले, मग चार, मग आठ. एकाला अतिवेगाने पळवण्यापेक्षा अनेकांना बेताच्या वेगाने चालवणे उष्णतेच्या हिशेबात स्वस्त पडते. अनेकांनी मिळून काम करण्याची ही वाट पुण्याला नवी नव्हती. सी-डॅकने 1991 मध्ये घडवलेला परम 8000 हा ट्रान्सप्युटर नावाच्या लहान प्रोसेसरांच्या समूहावरच उभा होता. तेथे कारण उष्णता नव्हते, अमेरिकेने शक्तिमान महासंगणक नाकारला हे होते. पण काम वाटून घेण्याची विद्या तीच.

आता निदानाकडे

एवढा इतिहास हाताशी असला की आपल्यापुढचे रखडणारे यंत्र तपासणे सोपे जाते. पहिला प्रश्न असा : ते तापामुळे मंद आहे की अन्य कारणाने? यंत्र थंड असताना एखादे जड काम द्यावे आणि टास्क मॅनेजरमध्ये प्रोसेसरचा वेग पाहावा. काही क्षण वरचा वेग दाखवून तो थोडा उतरणे स्वाभाविक आहे. पण तो छापील मूळ वेगाच्याही खाली गेला आणि तापमान 90 ते 100 अंशांच्या घरात असले, तर ताप खरा. नुसत्या आकड्याने घाबरू नये. 2022 नंतरचे काही प्रोसेसर जड कामात 95 अंशांपर्यंत जाण्यासाठीच बनवलेले आहेत. वेग टिकतो का, हे पाहायचे.

मग उष्णतेची वाट कडीकडीने तपासायची : चिप, तिच्यावरचे धातूचे झाकण, पेस्ट, हीटसिंक, पंखा, पेटीतली हवा, खोलीतली हवा. ओहमच्या नियमासारखाच येथे नियम आहे. विद्युतप्रवाहाच्या जागी वॅट, विभवांतराच्या जागी तापमानातला फरक आणि रोधाच्या जागी उष्णतारोध. समजा, सारा मार्ग मिळून रोध वॅटला अर्धा अंश आहे. 65 वॅटला फरक 32.5 अंश. जानेवारीत खोली 26 अंश, तर चिप 58.5, एप्रिलमध्ये विदर्भातली खोली 40 अंश, तर चिप 72.5. दोन्ही ठीक. आता धुळीने रोध 0.9 झाला असे धरा. फरक 58.5 अंश. जानेवारीत चिप 84.5 वर राहील आणि कोणाच्या लक्षातही येणार नाही; एप्रिलमध्ये 98.5 वर जाईल आणि यंत्र रखडेल. दोष उन्हाळ्याने दिला असे आपण म्हणतो, पण दोष आधीपासूनच होता. उन्हाळ्याने तो उघड केला इतकेच.

वाटेवरची कोणती कडी निखळली, हे ताप चढण्याच्या वेगावरून कळते. हीटसिंक 400 ग्रॅम ॲल्युमिनियमचा असेल तर त्याला एक अंश तापायला सुमारे 360 ज्यूल लागतात. 65 वॅटने तो 40 अंश तापायला, काहीच उष्णता बाहेर गेली नाही असे धरले तरी, साडेतीन मिनिटांहून अधिक वेळ लागेल. चिप आणि तिचे झाकण मात्र काही ग्रॅमचेच. म्हणून काम देताच मोजून काही सेकंदांत तापमान शंभराकडे धावले, तर चिपचा हीटसिंकशी संबंध तुटला आहे असे समजावे. आठ-दहा मिनिटांत हळूहळू चढले, तर हवा अडली आहे. खात्री करायची तर पेटीची बाजू उघडून टेबलफॅनचा झोत द्यावा. ताप बराच उतरला तर दोष हवेचा; फारसा उतरला नाही तर दोष स्पर्शाचा.

हवा अडण्याची कारणे आपल्या डोळ्यांसमोर असतात. पात्यांत धुळीची गादी बसलेली असते, पंखा कुरकुरत किंवा थबकत फिरतो, पेटी टेबलाच्या बंद कप्प्यात कोंबलेली असते, आणि कधी धूळ बसू नये म्हणून घातलेले कापडी झाकण चालू यंत्रावर तसेच असते. स्वच्छ करताना वीज तोडून, पेटीच्या धातूला हात लावून अंगावरचा स्थिरविद्युतभार घालवावा. ब्लोअरने धूळ उडवताना पंख्याचे पाते बोटाने धरून ठेवावे. नाहीतर ते झोताने वेडेवाकडे फिरून पंखा बिघडतो.

स्पर्श तुटण्याची कारणेही ठरलेली आहेत. 2004 पासून अनेक हीटसिंक चार प्लॅस्टिकच्या खुंट्यांनी बसवले जात. यंत्र हलवताना त्यांतली एखादी सुटली, की ठोकळा एका बाजूने केसभर उचलला जातो. केसभर फट पुरते, कारण तांबे हवेपेक्षा सुमारे पंधरा हजार पटींनी चांगले उष्णतावाहक आहे. पेस्टचे काम हेच, धातूच्या दोन पृष्ठभागांतील न दिसणाऱ्या खळग्यांतून हवा हुसकणे. ती धातूपेक्षा पुष्कळच कमी वाहक असते, म्हणून जाड थर उपयोगाचा नाही. वाळलेली जुनी पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून तुरीच्या दाण्याएवढी नवी मध्यभागी ठेवावी आणि ठोकळा सर्व बाजूंनी सारखा दाबून बसवावा. जुना ठोकळा काढताना तो ओढू नये, हलकेच पिळून सोडवावा. पेस्ट चिकटलेली असेल तर प्रोसेसरच बैठकीतून उपटून येण्याचा संभव असतो.

वर्गात हे दाखवायला संगणक उघडण्याचीही गरज नाही. सपाट तळाच्या दोन सारख्या स्टीलच्या डब्यांत सारखेच गरम पाणी घेऊन झाकणे लावावीत. एक डबा कोरड्या धातूच्या पत्र्यावर ठेवावा, दुसरा तशाच पत्र्यावर पाण्याचे चार थेंब पसरून. दर दोन मिनिटांनी तापमान नोंदवावे आणि आलेख काढावा. थेंबभर पाण्याने काय फरक पडतो, याची चर्चा मुले आपणहून करतील.

शाळेला संगणक मिळणे अवघड असते आणि मिळालेला नादुरुस्त ठरवणे फार सोपे असते. यंत्र निकालात काढण्यापूर्वी त्याचा ताप मोजावा, एवढीच आमची शिक्षकांना विनंती आहे. संगणक आता धुराने तक्रार करत नाही, संथ होऊन करतो. ती तक्रार ऐकून घेतली, तर कोपऱ्यात सरकवलेल्या यंत्रांपैकी काही तरी पुन्हा मुलांच्या हाताखाली येतील.